आला ५.१, हवा २.७

१९९३ सालचा मार्च, रविवार, सकाळचे दहा. कल्याणच्या आमच्या कॉलेजची गच्ची. वातावरणाचा वाटा वजा जाता आलेला आकडा ५.१ अंश. हजर तिघे: प्रयोगशाळा सहायक काशिनाथ म्हात्रे, आकडे लिहून घेणारा मी, म्हणजे कॉलेजचा अकाउंटंट, आणि गुरांचे डॉक्टर. म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या द्रव नायट्रोजनचं भांडं त्यांनी आणून दिलं होतं.

विश्व जन्मलं तेव्हाची ऊब अजून आकाशात सगळीकडे उरली आहे. निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम पावणेतीन अंश. म्हात्रे ती मोजत होते. पत्र्याचा कर्णा आणि केबलवाल्याने टाकून दिलेला डिशचा रिसीव्हर. कर्ण्याचं तोंड आधी गार नायट्रोजनवर, त्याचं तापमान ठाऊक म्हणून, मग आकाशाकडे.

"आटपा हो, तबेल्यात म्हैस खोळंबलीय," डॉक्टर म्हणाले.

"विश्व इतकी वर्षं थांबलंय, म्हशीला पाच मिनिटं जड नाय," म्हात्रे म्हणाले.

पुढच्या आठवड्यात सभागृहात विज्ञान प्रदर्शन, त्यात म्हात्र्यांचं टेबल. प्राचार्यांनी त्यांना बोलावलं. "सगळ्या जगाचे पावणेतीन आणि तुमचे पाच? कॉलेजचं हसं होईल. साधारण तीन लिहा, नाहीतर टेबल काढा."

"पुस्तकातलाच आकडा लिवायचा, तर गच्चीवर कशाला चढलो, सर? माजा पाच आला. पाचच लिवणार."

टेबल निघालं. म्हात्र्यांनी ते स्वतः उचललं आणि सायकल स्टँडमध्ये मांडलं. वर पाटी: 'आला ५.१. हवा २.७. जादा २.४ कुठून येतो ते शोधतोय.' सभागृहातली मुलं तिकडे लोटली. पाटी उतरवा, असा शिपायाबरोबर निरोप आला.

"सरांना सांग, गच्चीवर येऊन मोजा. चूक दाखवा, मग उतरवतो."

कोणी वर आलं नाही. चूक म्हात्र्यांनीच सहा वर्षं शोधली. उन्हाने तापलेल्या पाण्याच्या टाकीची उष्णता कर्ण्यात शिरत होती. त्यांनी कर्णा हलवला, कडेने पत्रे ठोकले. निवृत्तीच्या आदल्या महिन्यात आकडा ३.४ वर आला. तोही जसाच्या तसा वहीत गेला.

"राहिलेला पॉइंट सात माजाच दोष हाय, भाऊसाहेब. सापडंल."

तो सापडायच्या आत ते गेले. शोकसभेच्या आधी प्राचार्यांनी भाषणाचा कागद माझ्यापुढे सरकवला. त्यात होतं, 'त्यांनी अचूक तीन अंश मोजले.' मी तीन खोडून ३.४ लिहिलं. 'अचूक'सुद्धा खोडलं.

"अहो, आज तरी..." प्राचार्य म्हणाले.

"आजच, सर. नाहीतर मी उठून वही वाचतो."

त्यांनी ३.४ वाचलं. मागच्या रांगेत गुरांचे डॉक्टर बसले होते. म्हात्र्यांकडे राहिलेलं नायट्रोजनचं भांडं त्यांना मी त्याच संध्याकाळी परत दिलं.