किल्लीवाल्याचा सिनेमा

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर किल्लीवाल्याची टपरी आहे. सगळे त्याला मामा म्हणतात. किल्ली बनवली की तिची एक जोडकिल्ली तो टपरीतल्या खिळ्याला टांगायचा. गिऱ्हाईकच सांगायचं, "मामा, हरवली तर तुमच्याकडे असू द्या." तीस वर्षांत कुणाच्या घरातली वाटीसुद्धा हलली नाही. टपरीवाल्यांची संघटना मी चालवतो, छातीठोक सांगतो. ज्याला वाद घालायचाय त्याने समोर यावं.

एक सिनेमावाला दोन दिवस टपरीवर बसून सगळं टिपून गेला. मामाने हौसेने दाखवलं. सिनेमा लागला तेव्हा इस्त्रीचा शर्ट चढवून, मामीला घेऊन पहिल्याच खेळाला गेला. मी मागच्या रांगेत होतो.

पडद्यावरचा खुनी किल्लीवालाच निघाला. लोकांच्या जोडकिल्ल्या खिळ्याला टांगायचा आणि एकट्या बायकांची दारं उघडायचा. किल्ली कानसून झाली की फुंकर मारून पँटीवर दोनदा घासायचा, थेट मामासारखा.

"अरे, हा तर आपला मामा," अंधारात कुणीतरी म्हणालं. थिएटर हसलं. मध्यंतरानंतर मात्र कुणी हसेना.

मामी म्हणाली, "उठा, घरी चला."

"थांब गं. शेवटी निर्दोष सुटत असेल."

सुटला नाही. शेवटी जमाव त्याला ठेचतो. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

सिनेमा सहा आठवडे हाऊसफुल्ल चालला. पहिल्या खेळाच्या दुसऱ्याच दिवशी टपरीवर रांग. "मामा, गैरसमज नको हं, पण आमची किल्ली देता?"

"घ्या की वहिनी. नजर का चुकवताय, मी काय तिकीट मागतोय?"

आठवड्यात खिळे रिकामे झाले. एकच किल्ली उरली, समोरच्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका बाईंची. "मी सिनेमे बघत नाही," त्या म्हणाल्या. "राहू दे तिथेच."

मामा मला म्हणाला, "ही आहे तोवर मी किल्लीवाला. ही गेली की काय राहिलं?"

मग एका सकाळी बाईंच्या दाराशी दुधाच्या दोन पिशव्या दिसल्या, कालची आणि आजची. हाका मारल्या, आतून उत्तर नाही. मी मामाकडे धावलो. त्याने किल्ली माझ्या हातात कोंबली. "तूच उघड बाबा. मी त्या दारात दिसायला नको."

माझ्याने उघडेना. जुनं कुलूप, दार नेमकं किती उचलून किल्ली फिरवायची ते त्यालाच ठाऊक. परत येऊन म्हटलं, "मामा, बाई आत पडल्या असतील."

तो जिना चढला. जिन्यावर उभी असलेली बिऱ्हाडं त्याला वाट देताना भिंतीला चिकटली. मोबाईल वर झाले. कुलूप एका झटक्यात उघडलं.

बाई ओट्यापाशी पडल्या होत्या, गार. डॉक्टर येऊन म्हणाले, हृदय बंद पडलं, बहुतेक परवा रात्रीच.

"सिनेमातही असंच होतं," बाहेर कुणीतरी हळूच बोललं.

कुणीतरी बोलावलेल्या हवालदाराने विचारलं, "यांची किल्ली तुमच्याकडे कशी?"

"सगळ्यांच्याच असायच्या साहेब," मामा म्हणाला आणि जिन्याकडे बघत राहिला.

"बोला की रे," मी ओरडलो. "तुमच्या नव्हत्या टांगलेल्या?"

रांगेतल्या त्या वहिनींनी लेकीला पाठीमागे ओढलं. बाकीचे जमिनीकडे बघत होते.

"चला, चौकीत सांगा," म्हणत हवालदाराने मामाचा दंड धरला. खाली रस्ताभर माणसं जमली होती. आम्ही फाटकापाशी आलो, पण पुढे उभी माणसं बाजूला सरकली नाहीत.