तो लेख शांतवनचा होता

शांतवनच्या मुलीचा, एस्तेरचा, फोन आला तेव्हा मला केडगावहून परतून दोनच दिवस झाले होते. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. तिथं मी शांतवनच्या खाटेशेजारी तासभर बसलो होतो. जे सांगायला गेलो होतो ते सोडून माझे गुडघे, नळाचं पाणी, जावयाची बदली, सगळं बोललो... त्याला आता महिना होऊन गेला. तेव्हा न बोललेलं इथं लिहितो आहे.

राहुरीजवळच्या एका शाळेत आम्ही दोघं शिक्षक होतो. तो भूगोल शिकवायचा, मी मराठी. पण शब्दांचं वेड त्याला होतं. दर शनिवारी शाळा सुटली की एसटीनं नगरला जाऊन तो एका वृद्ध मौलवींकडे अरबी शिकला. अरबीतले बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळातून फुटतात, हे मला त्यानंच सांगितलं. त्याचं लाडकं मूळ अ-म-न. निर्धास्त असणं, भरवसा ठेवणं हा त्याचा गाभा. त्यातून अमन म्हणजे शांतता, इमान, विसंबावं असा अमीन, श्रद्धा ठेवणारा मोमीन, आणि अमानत. तिचीच अक्षरं मागेपुढे होऊन आपली अनामत झाली. "आन आमी रविवारी चर्चमदी म्हनतो ते आमेन," तो हसत सांगायचा, "ते हिब्रूतलं, पर भावकीतलंच की गुर्जी!"

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीची तो कार्डं कापायचा. वर शब्द, मध्ये कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं वाक्य, आणि खाली बोलणाऱ्याचं नाव नि गाव. बाजारात, एसटी स्टँडवर, नागापूरला पाळी सुटताना कारखान्याच्या फाटकाशी तो उभा राहायचा. नाव मिळालं नाही तर वाक्य कितीही गोड असो, कार्ड फाडून टाकायचा.

माझं अक्षर चांगलं म्हणून ती कार्डं त्यानं सलग लेख उतरवायला माझ्याकडे दिली. मी लेख उतरवला. बोलणाऱ्यांची नावं गाळली, नावांमुळे वाचणारा अडखळेल असं मनाशी म्हणून. मग लेखावर माझं नाव घातलं आणि एका दिवाळी अंकाला पाठवून दिला. ते घाईत झालं नाही. चार दिवस विचार करून मी ते केलं.

लेखातलं एक वाक्य लोकांना फार आवडलं. 'सून म्हंजी तिच्या आईची अनामत, जपाया लागती.' राहुरीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या सरूबाईंचं ते वाक्य. अंक आला त्या दिवशी शांतवन माझ्या टेबलाशी आला. "लई झकास उतरलाय, गुर्जी. पर आमच्या सरूबाईला कुठं ठिवलंत?" स्वतःबद्दल त्यानं अक्षरही काढलं नाही. मी हसून चहा मागवला. त्यानंही तो घेतला... पण त्यानंतर मला एकही कार्ड दाखवलं नाही.

पुढे त्या लेखासाठी नगरला माझा सत्कार झाला. शांतवन शेवटच्या रांगेत बसला होता. त्याच्याकडे न बघता मी भाषण केलं. त्या लेखाच्या जोरावर मी पुढे जाणकार म्हणून मिरवलो. त्याचं नाव मात्र कुठंच छापून आलं नाही, आणि तसाच तो गेला.

मागच्या आठवड्यात मी एस्तेरला हे सारं सांगितलं. ती भाजी निवडत होती. "बाबांना राग नव्हता असं मी म्हणणार नाही, काका," ती म्हणाली. "ते कुणाला बोलले नाहीत, एवढंच." आत जाऊन तिनं बुटांचा एक खोका आणला आणि त्यातलं एक कार्ड माझ्या हातात दिलं.

वर शब्द होता, इमान. मध्ये वाक्य, 'इमानानं सांगतो, या शब्दांपायी मी गावोगाव हिंडलो.' खाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि गाव : नगर, सत्काराचं भाषण.