ज्याचं तोंड, त्याचे पाय

तंबाखू मळायची वेळ झाली की मामा दुकानात उलटे बसायचे. गिऱ्हाईक समोर उभं असो, नाहीतर पाववाला हाका मारत असो, ते स्टुलावर गर्रकन फिरायचे, तोंड भिंतीकडं करायचे आणि तळहातावर चुना-तंबाखू मळायला लागायचे. आम्हाला दिसायची फक्त त्यांची पाठ आणि हलणारं कोपर. चिमूट गालात गेली, हात झटकले, की पुन्हा गर्रकन आमच्याकडं. "हं, बोल माय. काय पायजे?"

पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू यायचं. जो माणूस तंबाखू विकतो तो खाताना लपतो कोणापासून? गल्लीतली कॉलेजची पोरं मुद्दाम विचारायची, "मामा, भिंतीला नैवेद्य दाखवता का?" मामा म्हणायचे, "व्हय. ती तरी माझ्याकडं बघून शिकत नाय."

हे मामा कुणाचेच मामा नव्हते. पाचोड गावाहून शहरात, सिडकोत आले, घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान टाकलं आणि गल्लीनं त्यांना मामा करून टाकलं. त्यांची बायको आपोआप मामी झाली. शाळेत जाणारी सगळी पोरं त्या दुकानावरूनच जायची. तुमच्याही गल्लीच्या तोंडाशी असं दुकान असेल, आठवून बघा. खाली गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या आणि वर, तोरणासारख्या, तंबाखूच्या पुड्यांच्या माळा. लाल, हिरव्या, सोनेरी. वाऱ्यानं हलायच्या, उन्हात चमकायच्या. अख्ख्या दुकानात त्यांच्याइतकं देखणं काही नसायचं.

एका सकाळी बालवाडीतलं एक पोरगं आईच्या कडेवर बसून आलं. बिस्किटाचा पुडा घ्यायचा होता. पोरानं बरण्यांकडं पाहिलंसुद्धा नाही. हात वर केला, लाल माळ मुठीत धरली आणि म्हणालं, "हे चॉकलेट." आई हसली. मी दुधाची पिशवी घ्यायला उभी होते, मीही हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी त्या पोराची मूठ हळूच सोडवली, बिस्किटं दिली आणि बराच वेळ वर बघत बसले.

संध्याकाळी पाहते तर माळा गेलेल्या. आणि त्यांच्या मागून एक पाटी निघाली होती: अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणे हा गुन्हा आहे. पाटी पहिल्यापासून तिथंच होती. मी रोज समोर उभी राहूनही ती कधी वाचली नव्हती. वाचणार कशी? जिच्याविरुद्ध ती लावली होती, त्या तंबाखूनंच तिला झाकून ठेवलं होतं.

पुड्या पत्र्याच्या डब्यात गेल्या आणि डबा मामांच्या स्टुलाखाली. त्या दिवसापासून दुकानाचा कायदा ठरला. पोराच्या हातात पुडी मिळणार नाही, मग बापानं पाठवलेलं असो की आजोबानं. "ज्याचं तोंड, त्याचे पाय," मामा म्हणायचे. "त्याला म्हणावं, तू ये."

हे ऐकायला सोपं वाटतं. पण आपल्याकडच्या मोठ्या माणसांनी तंबाखू कधी स्वतः आणली आहे का? खाटेवरून हाक जाते, "पळत जा गं, एक पुडी आण, उरलेल्या पैशाची गोळी घे." असं आमचं शिक्षण. गोळीच्या लोभानं आम्ही लहानपणीच पुड्यांचे रंग आणि नावं पाठ करतो. मामांनी हात घातला तो थेट या रिवाजाला.

आधी तंबाखू कंपनीचा एजंट आला. रात्री आतून पेटणारी पाटी फुकट लावून देतो म्हणाला. "मामा, दिखेगा नहीं तो बिकेगा कैसा?"

"जो खातो, तो वासावर येतो बाबा," मामा म्हणाले. "दाखवायचं ते न खाणाऱ्याला. त्याला मी दाखवत नसतो."

एजंट पाटी घेऊन परत गेला.

गल्लीच्या टोकाला एक आजी होत्या. त्यांना मिश्री लागायची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावायला. गुडघे गेलेले, त्यामुळं नात यायची. मामांनी नातीला परत पाठवलं आणि पाठोपाठ मामीला दुकानावर बसवून स्वतः मिश्री घेऊन आजींच्या दारात गेले. आजी फणकारल्या, "आता कुठं गेला तुझा कायदा? ज्याचं तोंड, त्याचे पाय म्हणतोस ना?"

"तुमचे थकलेत की माय. माझे हायत अजून," मामा म्हणाले.

खरी गाठ पडली ती आमच्या घराशी. आमच्याकडं पत्रकं पिढीजात. आजोबांनी ती निजामाच्या राज्यात लपूनछपून वाटली, बाबांनी पाण्यासाठी आणि फीवाढीविरुद्ध उघडपणे वाटली. कागदाची घडी घालायला मी शिकले ती पत्रकांवरच. अन्यायाविरुद्ध लिहायला बसलं की बाबांना तंबाखू लागायची आणि ती आणायचं काम माझ्याकडं होतं. त्या दिवशी मी रिकाम्या हातानं परत आले.

"नाही म्हणाला? कारण?"

"ज्याचं तोंड, त्याचे पाय म्हणाले."

बाबांनी पेन खाली ठेवलं. "माझ्या मुलीला दुकानातून परत पाठवतो. ही मुजोरी आहे." गल्लीतली आणखी काही घरं अशीच दुखावली होती. त्यांना पुढारी मिळाला. दोनच दिवसांत पत्रक छापून आलं: गिऱ्हाइकाचा अपमान करणाऱ्या मुजोर दुकानदारावर बहिष्कार टाका.

घरोघर वाटलं मी. ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्यालाही प्रत द्यायची, हा आमच्या घराचा नियम. म्हणून एक मामांनाही दिलं. मामांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं.

"लई ताकदीचं लिव्हलंय तुझ्या बापानं. फक्त ते 'मुजोर' मोठ्या अक्षरात पायजे होतं माय. लांबून वाचता येत नाय." आणि माळा ज्या खिळ्याला टांगलेल्या असायच्या, त्याच खिळ्याला त्यांनी ते पत्रक अडकवलं. "जागा मोकळीच हाय."

बहिष्कार मात्र खराच लागू झाला. दूध नासायला लागलं, पाव वाळायला लागले. शाळेच्या वाटेवर मी मामीचा आवाज ऐकला. "शहाणपणाचा ठेका आपुनच घेतलाय का? गल्ली तुटली तर दुकान कुणासाठी उघडायचं? परत पाचोडला जायचं, बाजारात बसायला?"

"बाजारातच तर लागली मला," मामा म्हणाले. त्यांचे वडील पाचोडच्या आठवडी बाजारात सुट्ट्या पानांची तंबाखू ढीग लावून विकायचे. मामा लहानपणी ढिगापाशी राखणीला बसायचे. "कुणी दिली नाय, कुणी खा म्हणलं नाय. समोर होती म्हणून हात गेला. मी काय आता सुटत नाय. पण माझ्या दुकानात कुणाचा हात जायचा नाय. बंद पडलं तर पडू दे."

मी हे घरी सांगितलं नाही, कारण आम्ही बहिष्कारात होतो.

बाबांची तंबाखू आता मी मोठ्या रस्त्यापलीकडच्या दुकानातून आणायचे. तिथं झगमगाट होता, छतापासून काउंटरपर्यंत माळाच माळा. तो दुकानदार काही विचारायचा नाही. उलट एकदा म्हणाला, "रोजचं गिऱ्हाईक आहेस," आणि गोड सुपारीची छोटी पुडी माझ्या हातावर ठेवली. फुकट. मला फार आवडली. वाटेतच संपवली.

घरी बाबांना पुडी दिली. त्यांनी ती घेतली आणि माझ्याकडं पाहतच राहिले.

"जीभ दाखव."

दाखवली. लाल होती.

"कुणी दिलं?"

"दुकानदारानं. मी रोजचं गिऱ्हाईक आहे म्हणाला."

मी आणलेली पुडी बाबांनी कोनाड्यात टाकली, पायात चपला घातल्या आणि निघाले. मीही मागून गेले.

मामांनी त्यांना येताना पाहिलं. विजयाची एक रेषही चेहऱ्यावर येऊ दिली नाही. "या भाऊ. बसा."

"एक पुडी द्या," बाबा म्हणाले.

मामांनी स्टुलाखालचा डबा काढला. बाबांनी वर पाहिलं. "ते पत्रक काढा आता."

"राहू द्या की. पोरं वाचायला शिकतेत त्याच्यावर."

माझे बाबा आयुष्यात कधी माफी मागणारे नव्हते. त्यांनी दुसरं पत्रक काढलं: लहान मुलांना तंबाखू आणायला पाठवू नका. पहिल्याचा त्यात अवाक्षरानंही उल्लेख नव्हता. मामांनी दोन्ही शेजारी शेजारी टांगली. गल्ली आधी हसली, मग हळूहळू दुकानात परत आली.

माझ्या पिढीनं व्यसनाविरुद्ध पुष्कळ भाषणं ऐकली. आम्हाला वाचवलं ते भाषणांनी नव्हे. एका व्यसनी माणसानं आपलं दुकान पणाला लावून आमच्या डोळ्यांपुढून एक माळ काढली, म्हणून आमच्या गल्लीतली कितीतरी पोरं तिकडं वळलीच नाहीत. कोण वळलं असतं हे आता कुणीच सांगू शकत नाही. त्यामुळं त्यांचे आभारही कुणी मानले नाहीत. मी इथं मानते.

मागच्या उन्हाळ्यात मामा हृदयविकारानं गेले. डॉक्टरांनी तंबाखूचं नाव घेतलं. मामी म्हणाल्या, "त्यांला ठाऊक होतं." त्या आता मुलाकडं शेंद्र्याला राहतात. दुकानाचं शटर बंद असतं.

पण मामांच्या कायद्यामुळं गल्लीतल्या बाप्यांना रोज स्वतः चालत यावं लागलं होतं. आले की बसायचे, बोलायचे. ती सवय काही मोडली नाही. संध्याकाळी बंद शटरपुढच्या पायरीवर ते अजून जमतात, त्यांत माझे बाबाही असतात. अंधार पडायला लागला की घराघरातून पोरं धावत त्या कोपऱ्यावर येतात. आजोबाचा हात ओढतात आणि म्हणतात, "चला, पानं वाढलीत."