फुईला मागचं दार दाखवा

माझी इंदूफुई कुणाच्याही घरी गेली तरी पुढच्या खोलीत बसत नाही. फुई म्हणजे वडिलांची बहीण, तुमच्याकडे आत्या म्हणत असतील. ती चप्पल काढते, "पानी पेवानं शे" म्हणते आणि सोफा, टीव्ही, शोकेसमधले कप सगळं सोडून सरळ आत शिरते. स्वयंपाकघर ओलांडते आणि मागच्या दारात जाऊन उभी राहते. मोरी बघते, दोरीवरचं धुणं बघते, शेजारच्या बाईशी कुंपणावरून दोन वाक्यं बोलते. घरातले लोक ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास घेऊन पुढच्या खोलीत वाट बघत बसलेले! कुणी म्हणालंच की "बाई, तिकडे कुठे, इकडे बसा ना," तर तिचं ठरलेलं उत्तर, "पुढलं दार तं कोन्हीबी सजाडस. माले मांगलं दार दखाडा."

म्हणूनच आमच्या अख्ख्या भावकीत मुलगी द्यायची असली की घर बघायला आधी फुईला पाठवतात. माझ्या चुलत बहिणीसाठी शहाद्याजवळच्या एका गावचं स्थळ आलं होतं. दोन मजली बंगला, दारात गाडी, चहात केशर. पप्पा तर खूशच झाले होते. फुई मागे गेली, दहा मिनिटांनी आली, चहा प्यायली, गोड बोलली. परत येताना जीपमध्ये बसल्यावर म्हणाली, "नको." पप्पा भडकले. "काय नको? इतलं मोठं घर!" फुई शांतपणे म्हणाली, "त्यास्नी मोठी सून मांगे उभी ऱ्हाईसन जेवी ऱ्हायनी व्हती. दुफारना चार वाजता." शेजारणीला तिने आपला नेहमीचा प्रश्नही विचारून घेतला होता. तिच्या घर-पाहणीत प्रश्न एकच असतो, "सून आजारी पडनी तं भाकर कोन टाकस?" शेजारीण नुसती हसली होती म्हणे. संपलं! बहिणीला मग एका पत्र्याच्या घरात दिली, जिथे फुईने सासूला सुनेच्या डोक्याला तेल लावताना पाहिलं होतं. ती आज इतकी मजेत आहे की काय सांगू.

नोकरीतसुद्धा हेच. धडगावला ती अंगणवाड्यांची सुपरवायझर होती, तीस वर्षं. जीपने मोलगी गावापर्यंत, पुढे पायी. सेविका बिचाऱ्या पुढे मुलांना ओळीत बसवून गाणं म्हणायला लावायच्या आणि बाई मागे जाऊन खिचडीच्या पातेल्यात डाव घालून तळ ढवळून बघायच्या. एवढंच काय, आमच्या प्रकाशा गावी तापीकाठच्या देवळात आली तरी आधी मागे जाऊन यात्रेकरूंच्या पत्रावळ्या कुठे टाकतात ते बघणार आणि मग देवाला हात जोडणार.

तर अशी ही फुई गेल्या मे महिन्यात टॅलिनला आली. हो, एस्टोनियाचं टॅलिन, बाल्टिक समुद्राच्या काठावरचं! मी तिथे कॉम्प्युटरचं मास्टर्स करतेय. आली फिरायला असं सगळ्यांना सांगितलं, पण खरं तर तिला पप्पांनी पाठवलं होतं, घर बघायला. झालं असं की मी वर्षभर व्हिडिओ कॉल एकाच भिंतीसमोर बसून करत होते. त्या भिंतीवर मी दिव्यांची माळ लावली होती, छान दिसायची. पप्पांना काही कळलं नाही, पण फुईने एकदा त्यांच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावलं आणि म्हणाली, "वरीसभर हाई पोर एकच भित दखाडी ऱ्हायनी. बाकीन्या तीन भिती कोठे गयात?" झालं. पप्पांच्या डोक्यात किडा शिरला. मी बारीक झालेय हेही त्यांना लगेच दिसायला लागलं. म्हणाले, "इंदूताई, तू जाय नी दखी ये. चांगलं व्हयी तं ऱ्हाऊ दे, नई तं संगे लई ये." फुईने कधी काळी काढून ठेवलेला पासपोर्ट शोधला, व्हिसा केला आणि निघालीसुद्धा.

माझी तर झोपच उडाली. कारण समोरच्या भिंतीवर दोन खिळे होते आणि त्यांवर माझे दोन काळे ऍप्रन वाळत असायचे. मी जुन्या शहरातल्या एका हॉटेलात आठवड्यातून चार दिवस भांडी घासते. घरी सांगितलं होतं की लायब्ररीत काम करते. मी निघाले तेव्हा पप्पांनी अख्ख्या भावकीसमोर सांगितलं होतं, "मन्ही पोर शिकाले जाई ऱ्हायनी, कोनी चाकरी कराले नई." आता त्यांना कसं सांगणार? दुसरं वर्ष पूर्ण करायचं की पप्पांच्या केळीच्या बागेशेजारी परत जाऊन बसायचं, हे सगळं फुईच्या एका शब्दावर होतं. मी ऍप्रन पलंगाखाली कोंबले, हॉटेलातून पाच दिवसांची सुट्टी घेतली आणि ठरवलं की फुईला शहराची सगळ्यात सुंदर बाजू दाखवायची. फक्त सुंदर बाजू.

ती आली. साडी, त्यावर जाकीट, पायात स्पोर्ट्स शूज, डोक्याला स्कार्फ. चार जिने चढून खोलीत आली, चारी भिंती बघितल्या आणि शेवटी रिकाम्या खिळ्यांकडे बघितलं.

मग आमचं टॅलिनदर्शन सुरू झालं. टाउन हॉलचा चौक, गुळगुळीत दगडांचे रस्ते, गुलाबी-पिवळी घरं, लाल टोप्या घातल्यासारखे बुरुज. मी गाइडसारखी बडबड करत होते, हे इतक्या शतकांपूर्वीचं, ते तितक्या शतकांपूर्वीचं. फुई मान डोलवायची आणि प्रत्येक वेळी म्हणायची, "भारी शे. मांगे काय शे?" टेकडीवरच्या गच्चीतून खाली सगळी लाल कौलं दिसतात, पलीकडे समुद्र, लोक फोटो काढून काढून वेडे होतात. फुईने पाच मिनिटं एकटक बघितलं. मला वाटलं, जिंकले! ती म्हणाली, "इतला घरं शेत, पन एक दोरी नई. आठला लोके धुनं कोठे वाळाले टाकतस?" संध्याकाळी नऊ वाजता लख्ख ऊन बघून तर ती सूर्यावरच चिडली. "हाऊ ड्युटीना टाइमच पाळस नई."

फक्त एका ठिकाणी ती रमली. शहराच्या जुन्या तटाला लागून एका गल्लीत बायका लोकरीचे मोजे-स्वेटर विकतात. एक म्हातारी स्टुलावर बसून हातमोजा विणत होती. फुईने टांगलेला एक हातमोजा घेतला आणि पहिलं काय केलं असेल तर तो उलटा केला. आतले धागे निरखले. मी शरमेने मेले, म्हटलं आता म्हातारी ओरडणार. पण म्हातारी उठलीच! तिने स्वतः दुसरा हातमोजा उलटा करून फुईच्या हातात दिला, मग तिसरा. ही अहिराणीत, ती एस्टोनियनमध्ये, दोघींच्या गप्पा पंधरा मिनिटं. "कितलं बारीक काम, उलटं करीसन दखं तरी गाठ दिसत नई," फुई मला म्हणाली. "हाई बाई खरी शे." आणि मग माझ्याकडे बघून, "बाकी चार दिनमा तू माले निस्तं पुढलं दार दखाडी ऱ्हायनी, मयू."

मी म्हटलं, "फुई, अजून ते काळ्या घुमटांचं चर्च राहिलंय, चल ना." आणि तिचा हात धरून टेकडीकडे निघाले. ती दोन पावलं आली आणि चौकाच्या मागच्या अरुंद गल्लीपाशी थांबली. गल्लीत कचऱ्याचे डबे, रिकामी खोकी, वाफ सोडणारी एक जाळी. "हाई गल्ली कोठे जास?"

"कुठेच नाही गं, हॉटेलांची मागची बाजू आहे."

"मंग आठेच जावानं शे," म्हणाली आणि शिरली.

बरोबर आमच्याच हॉटेलाचं मागचं दार उघडलं आणि मारिना बाहेर आली. मारिना आमची मुख्य स्वयंपाकीण, पन्नाशीची, धिप्पाड, दंडावर पीठ. मला बघून एवढी मोठ्याने ओरडली, "मयूरीऽऽ!" आणि मिठीच मारली. मग तुटक्या इंग्रजीत, हातांनी हवेत डोंगर रचत सांगायला लागली की तू नाहीस तर प्लेटांचा असा असा ढीग पडलाय.

फुईने मारिनाचा तो हवेतला ढीग बघितला. मग माझ्याकडे.

"हाई तुले वळखस?"

"हो."

"तू आठे काय करस?"

वर्षभर पाठ केलेलं लायब्ररीचं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं, शप्पथ. पण ती गल्ली, ते डबे, ती वाफ. मी म्हटलं, "भांडा घासस, फुई."

ती एकच शब्द बोलली. "दखाड."

आम्ही आत गेलो. फुईने सिंक बघितली, पाय घसरू नये म्हणून टाकलेली रबरी चटई बघितली, माझा कप बघितला, त्यावर मारिनाने माझं नाव लिहिलंय. मग तिने एक खरकटी मोठी प्लेट उचलून माझ्या हातात दिली. "घास." जाकिटाच्या बाह्या वर करून मी घासली. साबण दोनदा निसटला. विसळून तिला दिली. तिने ती पालथी केली, खिडकीच्या उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला आणि रॅकमध्ये लावली.

मग मारिनासमोर उभी राहिली. "तिले इचार," मला म्हणाली. "हाई पोर आजारी पडनी तं कोन दखस?"

तोच प्रश्न! आणि उत्तर मला माहीत होतं, तेही मी घरापासून लपवलेलं. शेवटी विचारलं. मारिनाने उत्तर इंग्रजीत दिलंच नाही, करूनच दाखवलं. स्वतःच्या कपाळावर हात ठेवून चटका बसल्यासारखा झटकला, चार बोटं दाखवून जिने चढल्याचं नाटक केलं, धापा टाकल्या, चमच्याने भरवलं आणि मग माझ्याकडे बोट करून रागावली. फेब्रुवारीत मी तापाने फणफणले होते. फोन उचलला नाही म्हणून ही बाई बर्फातून माझ्या खोलीवर आली होती, बटाट्याचं सूप घेऊन. तीन दिवस रोज.

"सूपमा काय टाकेल व्हतं?" फुईने विचारलं.

"बटाटा. आणि शेपू. हे लोक सगळ्यात शेपू टाकतात."

"शेपू? आठे?" फुईचा चेहरा पहिल्यांदा उजळला. मारिनाने लगेच शेपूची जुडी आणि काळ्या राईच्या ब्रेडचा तुकडा पुढे केला. फुईने चावून बघितलं. "हाई तं आपली कळनानी भाकरनी बहीन शे," म्हणाली, म्हणजे आमची ज्वारी-उडदाची काळसर भाकरी, आणि अजून एक तुकडा मागितला.

तिथूनच, सिंकपाशी उभं राहून, तिने पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. मला पळून जावंसं वाटत होतं. पप्पा शेतात होते, मागे विहिरीवरच्या मोटारीचा आवाज.

"हाई काय दखाडी ऱ्हायनी तू, ताई? हॉटेलनी मोरी?"

"तुन्ही पोर आठे भांडा घासस."

मग पप्पा हळू म्हणाले, "मन्ही पोर? लोकेस्ना उष्टा भांडा?"

"घासस. नी तिनी घासेल प्लेट मी पालथी करीसन दखी. मांगे बी डाग नई." मग तिने फोन मारिनाकडे फिरवला. "नी हाई दख. तुन्ही पोर तापमा पडेल व्हती तव्हय हाई बाई बरफमा चार जिना चढीसन उनी."

"ताप? कव्हय?" पप्पांचा आवाज एकदम चिरका झाला. भांड्यांचं ते विसरलेच. मारिनाने डाव हलवून "हॅलो" केलं. पप्पांनी केळीच्या बागेत उभं राहून तिला दोन्ही हात जोडले, फोन हातातच असल्याने आम्हाला क्षणभर नुसतं आभाळ दिसलं.

मग आभाळातूनच त्यांनी विचारलं, "मंग, ताई?"

बंगल्याला एका शब्दात "नको" म्हणणारी बाई माझ्याकडे बघत होती.

"घर चांगलं शे," ती म्हणाली. "पोरले ऱ्हाऊ दे."

मी तिथेच, प्लेटांच्या ढिगाशेजारी, हमसून रडले. वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं. मारिनाने भांडी पुसायचा टॉवेल दिला. फुई म्हणाली, "तो नको, हाऊ कोरडा शे," आणि पदर पुढे केला.

काळ्या घुमटांचं चर्च आम्ही दुसऱ्या दिवशी बघितलं. फुई आधी त्याच्या मागे जाऊन आली, हे सांगायला नकोच. विमानतळावर तिच्या पिशवीत दोन ब्रेड आणि एक हातमोजा होता, आतली बाजू वर करून घडी घातलेला. एकच का, विचारलं तर म्हणाली, दुसरा म्हातारी अजून विणतेय, तू घेऊन ये. आत जाताना तिने माझी हनुवटी धरली. "आते फोन करशी तं तोंड फिरवी बठ."

मी फिरवलं. आता माळेची भिंत माझ्या समोर असते आणि खिळे मागे, ऍप्रनसकट. परवा पप्पांनी विचारलं, "आज एकच ऍप्रन? दुसरं कोठे शे?" म्हटलं, "धुतलंय पप्पा, खाली वाळतंय." "मंग ठीक," म्हणाले. रोज फोन लागला की ते आधी माझ्या मागे बघतात आणि मग माझ्याकडे.