जालिंदर पैलवानाची मिशी समुद्रावर जाते

उसाच्या फडात जसं पाचट साठतं, तसे आमच्या कडेगावच्या तालमीत किस्से साठतात. कुणी मुद्दाम पेरत नाही, कुणी खत घालत नाही, तरी ढीग तयार! आता आम्ही पन्नाशी ओलांडलेली माणसं तालमीत व्यायाम कसला करतोय? आखाड्याच्या कडेला बसायचं, पोरांच्या कुस्त्या बघायच्या, चुका काढायच्या आणि गप्पा ठोकायच्या. पण गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघं चार दिवस मालवणकडं जाऊन आलो आणि तालमीतले जुने किस्से एकदम शिळे झाले. लोक माझ्या खताच्या दुकानात येतात आणि युरियाच्या आधी विचारतात, "दिनूआण्णा, ते लाटंचं सांगा की!"

मला तेच तेच सांगायचा लय कंटाळा. म्हणून एकदाच सांगतो.

*

माझी लेक पुण्याला असते. तिनं फोनवरनंच समुद्रावरचा कॅम्प बुक करून टाकला. सर्फिंग, कयाक, बोटीतनं जाऊन मासे बघणं, सगळं त्यात. चार माणसं पाहिजेत म्हणाली. मी, माझी बायको, माझा दोस्त जालिंदर पैलवान आणि त्याची बायको शालन वहिनी. ऐन वेळी माझ्या बायकोचा गुडघा धरला. तिच्या जागी बाबगोंडा आला. हा सांगलीकडचा जैन, हळद पिकवतो, एके काळी आमच्याच तालमीत राहून कुस्ती शिकला.

जालिंदरची ओळख दोन गोष्टींनी. एक, त्याची पाठ आजवर कुणी मातीला लावली नाही. दुसरी, मिशी. खिलार बैलाच्या शिंगांसारखी दोन्हीकडनं वर वळलेली!

तालमीत पोरं मोबाईलवर सर्फिंगचा व्हिडिओ बघत होती. त्यातलं एक म्हणालं, "पैलवान, ह्ये तुमचं काम न्हवं. तुमी काठावर बसून भजी खावा."

झालं! पैलवान उठला, मिशीवर ताव दिला आणि मारुतीकडं बघून गरजला, "लाटंवर उभा ऱ्हायलो न्हाई, तर ही मिशी ठेवणार न्हाई! मारुतीची आन!"

पोरांनी मोबाईल खिशात घातला. घरी गेल्यावर शालन वहिनींनी एवढंच विचारलं, "आवं, आदी मिशीला इचारलं का?"

*

पहिल्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गेलो तर शिकवायला एक पोरगी. प्राची तिचं नाव. उंचीनं एवढीशी, उन्हानं रापलेली, तेवीस-चोवीस वर्षांची असेल. मी म्हटलं, ही ह्या रेड्याला काय उचलणार!

पण जालिंदर तालमीत वाढलेला. शिकवील तो वस्ताद, मग वय काय असंल ते असो. त्यानं सरळ पुढं होऊन तिच्या पायाला हात लावला. त्याच्या मागं बाबगोंडा. त्याच्या मागं मी, आता एकट्यानं मागं कसं राहायचं?

पोरगी दचकून तीन हात मागं उडाली. "अगे बाय! काकानू, ह्या काय करतास?"

"वस्तादच्या पाया पडल्याबिगर आमी आखाड्यात उतरत न्हाई," जालिंदर म्हणाला. मग त्यानं वाळू कपाळाला लावली, समुद्राकडं तोंड करून दोन शड्डू ठोकले आणि आम्ही तिघं ओरडलो, "बजरंगबली की जय!"

शेजारी योगासनं करणारे पाच-सहा परदेशी पाव्हणे डोळे मिटून बसले होते. त्यांचे डोळे खाडकन उघडले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतोय तर काय, ते सगळे ओळीनं उभे राहून मांड्या थोपटत होते!

*

प्राचीनं वाळूवर फळी ठेवून सगळं नीट शिकवलं. पालथं कसं पडायचं, हातांनी पाणी कसं मारायचं, उठायचं कसं. मग म्हणाली, "आता महत्त्वाचा. पडताना सूर मारूचो नाय. पाणी उथळ असा. पाठीवर सपाट पडाचा."

जालिंदरचा चेहरा बदलला. "पाठीवर?"

"होय काका. पाठीवर."

"आगं बाय, ही पाठ मोठमोठ्या पैलवानांस्नी लावता आली न्हाई. आन तू पयल्याच दिशी माझ्या हातनं लावाय सांगतीस?"

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मी काय सांगणार? चीत होणं म्हणजे काय असतं, हे मातीत न लोळलेल्या माणसाला सांगून कळत नाही.

पैलवान फळीवर चढायचा, लाट यायची, तोल जायचा, आणि पाठ पाण्याला लागणार एवढ्यात गडी हवेतल्या हवेत मांजरासारखा पलटी घ्यायचा. सपाक्! पोटावर. पुन्हा चढायचा, पुन्हा सपाक्! प्राची ओरडून दमली, "पाठीवर, काका, पाठीवर!" उठून उभं राहण्याकडं लक्ष द्यायला त्याला सवडच नव्हती. सगळा जीव पाठ वाचवण्यात.

दुपारपर्यंत छाती आणि पोट टोमॅटोसारखं लाल. जेवून आडवं व्हायला गेला तर पालथं पडवेना, कुशीवर जमेना. शेवटी कण्हत कण्हत उताणा झाला.

शालन वहिनी खोबरेल घेऊन आल्या, त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "घ्या! लागली का न्हाई शेवटी पाठ!"

*

दुसऱ्या दिवशी बोटीतनं मासे बघायला नेलं. डोळ्यांवर काचेचा मास्क लावायचा, तोंडात नळी धरायची, पाण्यात तोंड घालून तरंगायचं. आमचे मास्क बसले. जालिंदरच्या मास्कात मात्र दर वेळी पाणी शिरायचं. खोकून खोकून डोळे बाहेर यायची वेळ!

बोटवाल्यानं जवळ येऊन नीट बघितलं. त्या बिचाऱ्याला आमच्या शपथेचं काय ठाऊक? तो सहज बोलून गेला, "काका, हे मिशयेमुळे होता. मिशी काढूक व्हयी."

आधी बाबगोंडाला हसू फुटलं, मग मला, मग वहिनींनी तोंडाला पदर लावला. जालिंदर दोन्ही हातांनी मिशी झाकून ओरडला, "आजून दोन दिस हायती माझं!"

शेवटी बोटवाल्यानं मिशीवर बोटभर व्हॅसलिन चोपडलं. मास्क बसला, पैलवानानं मासे बघितले, पण वर आला तेव्हा ती शिंगं ओठांवर चिकटून खाली लोंबत होती. वहिनी म्हणाल्या, "ह्यो कुणाचा म्हातारा आणला बोटीत?"

*

आता बाबगोंडाचं ऐका. हा गडी दिवस मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालत नाही. आणि कॅम्पवाल्यांनी कयाक ठेवलं होतं नेमकं सूर्यास्ताला! खाडीतनं दोघा-दोघांनी वल्ही मारत जायचं आणि मावळता सूर्य बघायचा. माझ्या नशिबी जोडीला बाबगोंडा.

खाडीच्या मधोमध गेल्यावर ह्यानं वल्हं मांडीवर ठेवलं आणि कापडी पिशवीतनं डबा काढला. भाकरी, मुगाची उसळ आणि शेंगाचटणी.

"आरं, वल्हं मार की!" मी खेकसलो.

"तू मार. मला जेवू दे. दिवस बुडाय आलाय."

मी एकटा वल्हवतोय, कयाक जाग्यावर गरागरा फिरतंय आणि हा शांतपणानं भाकरी मोडतोय! लांबनं शिकवणाऱ्या पोरानं बघितलं, त्याला वाटलं आम्ही संकटात आहोत. शिट्टीवर शिट्टी. तो जिवाच्या आकांतानं वल्हं मारत आला. "काय झाला? काय झाला?"

बाबगोंडानं हात वर करून त्याला थांबवलं, तोंडातला घास गिळला आणि पश्चिमेकडं बोट दाखवून म्हणाला, "ढगाआड हाय, बुडला न्हाई आजून. ह्यो येक घास ऱ्हायलाय. तुमी घेणार का चटणी?"

*

तिसऱ्या दिवशी पुन्हा सर्फिंग. शालन वहिनी पहिल्या दिवसासारख्याच टॉवेल आणि चपला राखत बसलेल्या. प्राची त्यांना म्हणाली, "मावशी, तुमी येवा की!"

वहिनींच्या आधी जालिंदरच बोलला. "तिचं काय काम पाण्यात?"

वहिनी उठल्या. टॉवेल नवऱ्याच्या हातात दिले, प्राचीच्या खोलीत गेल्या आणि तिची ट्रॅक पँट आणि टी-शर्ट घालून बाहेर आल्या! मी बघतच राहिलो. त्यांचं माहेर कृष्णाकाठचं. लहानपणी पाठीला भोपळा बांधून नदी पार केलेली बाई!

पहिल्यांदा पडल्या त्या अगदी शिकवल्यासारख्या, पाठीवर, सपाट. हसत वर आल्या. पुन्हा पडल्या, पुन्हा हसल्या. आणि थोड्या वेळानं एक लाट आली, प्राचीनं फळी ढकलली, आणि वहिनी उभ्या! हात पसरून, सरळ, थेट वाळूपर्यंत!

मी आणि बाबगोंडा ओरडायला लागलो, पण आमच्या वर आवाज जालिंदरचा. "आरं बगा रं, बगा! माजी बायकू हाय ती! माजी!" हातातले टॉवेल त्यानं हवेत फेकले, ते पाण्यात पडले. पठ्ठ्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते समुद्राचं नव्हतं.

"जमलं कसं वो वहिनी?" मी विचारलं.

"त्यात काय, भावजी? डोक्यावर दोन घागरी घिऊन बांधावरनं चाललेली बाई मी. ही फळी बांधापरीस रुंदच हाय की."

जालिंदर हसला. मग त्याचा हात नेहमीसारखा मिशीकडं गेला आणि अर्ध्यातनंच खाली आला. फळी उचलून तो पाण्यात शिरला. अंधार पडेपर्यंत पडत राहिला.

*

शेवटची सकाळ. दुपारी निघायचं. प्राची एकटी त्याला ढकलू शकत नव्हती, म्हणून मी आणि बाबगोंडाही फळीला लागलो. वहिनी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. चांगली लाट आली. प्राची ओरडली, "उठा काका!"

हात टेकले. एक गुडघा वर आला. दुसरा गुडघा आला. आणि तिथंच पैलवान अडकला! आखाड्यात गडी गुडघ्यावर बसला की त्याला हलवणं अवघड, ती त्याची आयुष्यभराची सवय. डोळे घट्ट मिटून, दात खाऊन, तसाच गुडघ्यावर तो वाळूपर्यंत गेला.

डोळे उघडून त्यानं विचारलं, "उठलो का?"

प्राची हळूच म्हणाली, "जवळजवळ, काका."

त्यानं बाबगोंडाकडं बघितलं. बाबगोंडाला खोटं बोलता येत नाही. तो मान खाली घालून म्हणाला, "गुडघ्यावर हुतास, गड्या."

ओहोटी लागली. लाटा बसल्या. आम्ही निघताना प्राची जालिंदरच्या पाया पडायला वाकली, तर तो म्हणाला, "वस्तादानं पडायचं नसतं, बाय." गगनबावड्याचा घाट चढून चहाला थांबलो तरी गडी मिशीचं टोक चाचपत बसला होता. मला लय वाईट वाटलं, खरं सांगतो. एवढी वर्षं ज्याची पाठ लागली नाही त्याची मिशी आता पोरांपुढं उतरणार!

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तालमीत ही गर्दी! सलूनवाला बाळू तर वस्तरा, वाटी, आरसा सगळं मांडून बसलेला. आमच्याकडं शपथ म्हणजे शपथ.

"बोला, पैलवान! उभं ऱ्हायला का न्हाई?"

जालिंदरनं मारुतीला हात जोडले. तो खरंच सांगणार होता, मला त्याच्या तोंडावरनं कळत होतं. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात दारातनं आवाज आला.

"ऱ्हायलं की उभं!"

शालन वहिनी. बायका तालमीच्या उंबऱ्याच्या आत येत नाहीत, त्या बाहेरच उभ्या होत्या. "मी सोता बगितलं. लाटंवर, ताठ. आता घरी लावून द्या त्यास्नी, भाकरी गार व्हाय लागलीया."

वहिनींचा शब्द म्हणजे आमच्या गल्लीत कागदावरचा शिक्का. भावाभावांची भांडणं त्यांच्या साक्षीवर मिटतात. पोरांनी एकच कल्ला केला! गुलाल उधळला, पैलवानाला खांद्यावर घेतलं, बाळूनं वस्तरा मिटून टाकला. बाबगोंडा छताकडं बघत बसला. मला राहवेना. "आरं, तुमाला म्हाईत हाय का, खुद्द वहिनीच..." एवढं म्हणालो आणि वहिनींनी माझ्याकडं असं बघितलं, की मी अंगावरचा गुलाल झटकायला लागलो.

पोरं नाचत होती. खांद्यावर बसलेला जालिंदर मात्र दाराकडं बघत होता. दारात कुणी नव्हतं.

सकाळी दुकान उघडायच्या आधी त्याच्या घरी गेलो. पैलवान सोप्यावर बसला होता. ओठावर काहीच नव्हतं! गुळगुळीत!

मी ओरडलोच, "आरं मर्दा, ह्ये काय केलंस? वाचली हुती की रं मिशी! आख्ख्या तालमीनं मान्य केलं हुतं!"

"मारुतीची आन हुती, गड्या," तो म्हणाला. वहिनी चहा घेऊन आल्या. कप माझ्या हातात दिला, दुसरा त्याच्यापुढं ठेवला. मग जरा मागं सरून नवऱ्याच्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या,

"भावजी, लग्नात आसंच दिसत हुतं बगा ह्ये!"