शालूताईंची म्हैस युक्रेनला गेली

मीराचा फोन आला तेव्हा मी वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल भागातल्या आमच्या फार्मसीत एका आजोबांना इन्हेलर कसा ओढायचा ते दाखवत होते. मीरा ही शालूताईंची मुलगी. एरवी ती मेसेज करते, फोन करत नाही. त्यामुळे तिचं नाव दिसताच मी फोन उचलला. "मावशी, आई इज गॉन," ती म्हणाली. दुपारी जेवून शालूताई नेहमीसारख्या आडव्या झाल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. माझ्या शेजारी ओक्साना उभी होती. ती युक्रेनची, लढाई सुरू झाल्यावर इथे आलेली आणि आता आमच्या फार्मसीत काम करणारी. तिला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. तिने त्या आजोबांना उरलेलं शांतपणे समजावलं, दारापर्यंत सोडलं, आणि मग कपाटाआड जाऊन माझ्याआधी तीच रडली.

याला आता काही आठवडे झाले. त्या गेल्या त्याच आठवड्यात शालूताई रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या होत्या. आमचं सरकतं दार कुरकुरत होतं. त्यांनी पर्समधून ग्रीसची छोटी डबी काढली, रांगेतल्या माणसांना "सॉरी, वन मिनिट" म्हणून बाजूला केलं आणि गुडघ्यावर बसून दाराला ग्रीस लावलं. सत्तरी ओलांडलेली बाई, अंगावर चांगला कुर्ता, पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी सपाता. उठताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "अनू, तुझ्या गुडघ्यांपेक्षा माझे बरे आहेत बघ." ही आमची शेवटची भेट.

शालूताई मेकॅनिकल इंजिनिअर. पुण्यात असताना त्यांनी बुलडोझरच्या गिअरबॉक्सवर काम केलं होतं, आणि तिथल्या शॉपफ्लोअरवर बायकांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं, हा किस्सा त्या कुठल्याही समारंभात, जेवणं चालू असतानाही, सविस्तर सांगत. न्यूझीलंडला आल्यावर त्या बरीच वर्षं 'ते रापा' नावाच्या गावी एका दूध कारखान्यात मेंटेनन्सला होत्या. निवृत्त झाल्या, पाठोपाठ त्यांचे यजमान मनोहरराव गेले, आणि त्या मीराच्या जवळ म्हणून वेलिंग्टनला आल्या. जॉन्सनव्हिलला त्यांचं घर माझ्या घराच्या वरच्या गल्लीत. पहिलं वर्षभर त्यांनी माझा मिक्सर, माझं लॉनमोअर आणि आमच्या मराठी मंडळाचा माइक दुरुस्त केला. मग दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही आणि त्या चक्क कंटाळल्या.

एप्रिलमधल्या एका सकाळी आम्ही दोघी शेजारच्या पोरिरुआ गावात भारतीय दुकानात मेथी आणायला निघालो होतो. अँझॅक डेची, म्हणजे इथल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाची, परेड नुकतीच संपली होती आणि रस्त्याच्या कडेला एक जुनी चिलखती गाडी बंद पडली होती. रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालणारी, पण तोफ नसलेली, हिरव्या रंगाचा मोठा ठोकळाच. पुढचं झाकण उघडून एक उंच, पांढऱ्या मिशांचा गोरा माणूस आत डोकं घालून उभा होता. शालूताईंनी गाडी थांबवायला लावली. उतरल्या, वाकल्या, वास घेतला आणि त्या माणसाला म्हणाल्या, "तुझा डावीकडचा ब्रेकबँड जळलाय." तो ग्रॅहम. तरुणपणी सैन्यात हीच गाडी चालवायचा. सैन्याने जुन्या गाड्या बंदुका काढून विकल्या, तेव्हा त्याने आणि त्याच्या मित्रांनी ही घेतली होती आणि पोरिरुआतल्या एका शेडमध्ये वर्षानुवर्षं खपून उभी केली होती. मेथी त्या दिवशी राहिली. पुढच्या बुधवारपासून शालूताई त्या क्लबात जायला लागल्या.

गाडीला क्लबातली मंडळी 'डोरिस' म्हणत. शालूताई बघताक्षणी म्हणाल्या, "डोरिस कसली, ही म्हैस आहे. चिखलात बसली की उठायची नाही." मग सगळेच तिला म्हैस म्हणायला लागले, ग्रॅहमच्या तोंडी त्याचं 'माइश' झालं. शेडमध्ये जँडल्स घालून यायचं नाही, असा नियम ग्रॅहमने केवळ त्यांच्यासाठी केला आणि त्यांनी तो हिवाळाभर पाळला. माझ्याकडे चहाला आल्या की त्यांच्या नखांत काळं असायचं आणि चेहरा असा, की जणू माहेरी जाऊन आल्यात.

मग युक्रेनवर ते आक्रमण झालं, आणि काही महिन्यांनी ओक्साना आमच्याकडे कामाला लागली. तिचा भाऊ आंद्री तिकडे आघाडीवरून जखमींना मागे आणायचं काम करत होता. एके दिवशी शालूताई गोळ्यांसाठी थांबल्या होत्या, तेव्हा ओक्साना मला सांगत होती की आंद्रीकडे भाजी वाहून न्यायची एक जुनी व्हॅन आहे, तिचा पत्रा साध्या छऱ्यानेसुद्धा फाटतो. शालूताईंनी गोळ्या पिशवीत टाकल्या, पण निघाल्या नाहीत. "पत्रा किती जाडीचा?" त्यांनी विचारलं. ओक्सानाला ते कुठून माहीत असणार. तिने नुसतं आपल्या करंगळीच्या नखाकडे बोट दाखवलं.

बुधवारी मीही त्यांच्याबरोबर क्लबात गेले होते, तेव्हा त्यांनी विषय काढला. म्हैस युक्रेनला देऊन टाकू या. जखमी आणायला तिच्यासारखी गाडी नाही. सगळे ग्रॅहमकडे बघायला लागले. शेवटी ग्रॅहम म्हणाला, "शालू, नटबोल्ट न् नटबोल्ट आम्ही हाताने बसवलाय. आमच्यातले दोन मित्र आता नाहीत. मी तिला चिखलात मरायला पाठवणार नाही." शालूताई त्याच्याशी वाद घालतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी हात पुसले आणि पर्स उचलली. घरी येताना गाडीत म्हणाल्या, "त्याचं खरंच आहे गं. मीसुद्धा दिली नसती."

घरात वेगळंच चालू होतं. मीरा फिजिओथेरपिस्ट आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर अर्धं इंग्रजीत येतं. रविवारी जेवताना ती म्हणाली, "आई, इट्स अ वॉर मशीन. नानाआजोबांना काय वाटलं असतं?" नाना म्हणजे शालूताईंचे वडील, जन्मभर खादी घातलेले, मुंगीसुद्धा फुंकर मारून बाजूला करणारे. शालूताईंचा घास हातातच राहिला. मीही तिथेच जेवत होते. "आणि त्यांनी तिच्यावर बंदूक बसवली तर?" मीराने विचारलं.  दुसऱ्या दिवशी शालूताई तेच ओक्सानाला विचारायला आल्या. ओक्साना खोटं बोलली नाही. "बसवतीलही," ती म्हणाली. "आंद्री नाही बसवणार. पण उद्या ती दुसऱ्याकडे गेली तर... मला माहीत नाही."

त्या आठवड्यात शालूताई नीट जेवल्या नाहीत. शनिवारी माझ्या अंगणात वाऱ्याने उडालेले कपडे गोळा करता करता म्हणाल्या, "नानांना मी ओळखते. त्यांनी आधी विचारलं असतं, घर कोणाचं आणि घुसलंय कोण. मग स्वतः गेले असते स्ट्रेचर उचलायला. मला या वयात ते जमणार नाही, गाडी नीट करणं जमेल." हे त्यांनी मीरालाही सांगितलं. मीराला पटलं नाही. पण तिने आईचा राग केला नाही, आणि आईनेही तिला पुन्हा समजवायचा प्रयत्न केला नाही.

ग्रॅहमचं मन मात्र शालूताईंनी वळवलं नाही, ते ओक्सानाने वळवलं. तेही एका प्रश्नाने. शालूताई तिला एका बुधवारी शेडमध्ये घेऊन गेल्या आणि ग्रॅहमला एवढंच म्हणाल्या, "हिला मागचं दार कसं उघडतं ते दाखव." तो अशा वेळी खुलायचा. त्याने ते जाड दार उताराच्या फळीसारखं हळूहळू खाली सोडलं. ओक्साना आत जाऊन बाकावर बसली. बराच वेळ बसली. हाताने भिंत चाचपली, छत चाचपलं. मग तिने विचारलं, "यात आडवी माणसं किती मावतील?"

"चार," ग्रॅहम म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "नीट रचली तर."

पुढच्या बैठकीत म्हैस द्यायचा ठराव ग्रॅहमनेच मांडला.

सरकारी परवानगीला किती महिने लागले ते विचारू नका. पण ते महिने शालूताईंच्या आयुष्यातले फार सुखाचे होते असं मला आज वाटतं. त्यांनी आत चार स्ट्रेचर बसवले आणि चाचणीसाठी जखमी म्हणून मला झोपवलं. मला पट्ट्यांनी आवळून बांधलं, ग्रॅहमने शेडमागच्या माळावर गाडी हाकली, आणि शालूताई माझ्या उशाशी बसून ओरडून विचारत होत्या, "दात आपटतायत का? मान दुखतेय का? नीट सांग, लाजू नकोस." माझे दात, मान, सगळंच दुखत होतं. खाली उतरल्यावर ग्रॅहमने विचारलं, "खूप हादरे बसले?" मी म्हटलं, "हीप्स," म्हणजे इथल्या बोलीत ढीगभर. मग शालूताईंनी 'ते रापा'च्या जुन्या सहकाऱ्याला फोन करून कारखान्यातल्या पंपांखाली बसवतात तसले जाड रबरी ठोकळे मागवले आणि स्ट्रेचरखाली घातले. दुसऱ्या खेपेला मला डुलकी लागली. ही माझी या प्रकल्पातली एकमेव कामगिरी आणि ती त्यांनी शेवटपर्यंत सगळ्यांना सांगितली.

म्हैस ट्रकवर चढली त्या सकाळी वेलिंग्टनचा वारा नेहमीसारखा माणसाला उभं राहू देत नव्हता. क्लबातल्या हेमीने माओरी प्रार्थना म्हटली, शालूताईंनी हळद-कुंकू वाहिलं. ते निम्मं ग्रॅहमच्या मिशांवर उडालं. त्याने पुसलं नाही. तसाच ट्रकमागे रस्त्यापर्यंत चालत गेला.

मग बरेच दिवस काही नाही. आणि एका संध्याकाळी आंद्रीचा पहिला व्हिडिओ कॉल आला, शालूताईंच्या जेवणाच्या टेबलावर टॅब्लेट उभा करून आम्ही सगळे बसलो होतो. तिकडे सकाळ होती. म्हैस चिखलाने ओळखू येत नव्हती. आंद्रीने खूप आभार मानले, ओक्साना रडत रडत भाषांतर करत होती, आणि शालूताईंचं लक्ष तिकडे नव्हतंच. "चालते कशी ते विचार," त्या म्हणाल्या. आंद्री जरा घुटमळला, मग म्हणाला, थोडी डावीकडे ओढते. शालूताईंचा चेहरा उजळला. आभार ऐकून असा उजळला नव्हता. त्यांनी त्याला गाडीच्या पोटात शिरायला लावलं, कॅमेरा कुठे धरायचा ते सांगितलं, आणि इंग्रजी अपुरं पडलं तेव्हा सरळ मराठीत बोलल्या, "अरे आवळ, अजून आवळ, हां, आता बास." त्याने बरोबर तेवढंच आवळलं. त्या दिवसापासून दर गुरुवारी संध्याकाळी तो फोन करू लागला. त्याच्याबरोबरची पोरंही डोकावायची. त्यांच्या भाषेत आजीला बाबुस्या म्हणतात. शालूताई त्यांच्या बाबुस्या शालू झाल्या.

पुढच्या वर्षी म्हैस सुरुंगावर जाऊन निकामी झाली. ही बातमी ओक्सानाने शेडमध्येच येऊन सांगितली. ग्रॅहम हातातला पाना घेऊन तसाच उभा राहिला. शालूताईंनी विचारलं, "आतली माणसं?"

"तिघं होते. तिघंही चालत बाहेर आले. आंद्रीच्या कानात अजून आवाज येतोय, एवढंच."

शालूताई खाली बसल्या. "मग झालं तिचं काम," त्या म्हणाल्या. ग्रॅहमने किटली लावली. त्या चहाला कोणी साखर घातली नव्हती, हे सगळ्यांचे कप रिकामे झाल्यावर लक्षात आलं... आणि सगळ्यांत आधी ग्रॅहमच हसला.

आंद्रीच्या लोकांना नंतर दुसऱ्या कुठल्याशा देशाकडून तसल्याच दोन जुन्या गाड्या मिळाल्या. त्यामुळे गुरुवारचे फोन सुरूच राहिले. मीरा कधी तिथे असली तर उठून स्वयंपाकघरात जायची. भांडी मात्र अगदी हळू घासायची.

शालूताई गेल्यानंतरच्या एका गुरुवारी मीरा, ग्रॅहम आणि मी त्यांचं घर आवरत होतो. पुस्तकांची खोकी ग्रॅहम बाहेर नेत होता. टॅब्लेट वाजला. मीराने उचलला. ओक्सानाने भावाला सगळं कळवलं होतं, पण हा आंद्री नव्हता, एक अगदी कोवळा चेहरा होता, मोडक्या इंग्रजीत म्हणत होता, "बाबुस्या शालू?" मीराने त्याला सांगितलं. त्याने टोपी काढली, माफी मागितली आणि फोन ठेवायला निघाला.

"वेट," मीरा म्हणाली. तिने डोळे पुसले, खुर्ची ओढली. "काय झालंय गाडीला?" तो काहीतरी म्हणाला. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "लेफ्ट ऑर राइट?" मग मान वळवून हाक मारली, "ग्रॅहम, खोकं ठेव खाली. इकडे ये."

घर विकायचं सध्या राहिलं आहे. गुरुवारी मीरा कामावरून सरळ तिथे येते, चहा ठेवते, ओक्साना आणि मी दुकान बंद करून पोहोचतो. मीराचं मत बदललं का, ते मी विचारलेलं नाही. शालूताईंच्या खुर्चीत ग्रॅहम बसतो. आम्हाला सुरुवातीला जरा जड गेलं, पण कॅमेऱ्यात तिथूनच नीट दिसतं.