दिवे लागल्यावरचा हिरवा

नांदेडला घरी बसून मी दुकानांच्या वेबसाइट करते. सगळं मुळापासून लिहीत नाही. फ्रेमवर्क, म्हणजे साइटचा तयार सांगाडा, घेते आणि त्याची रंगांची फाइल बदलते. मुख्य रंग एका ओळीत बदलला की बटणं, मथळे, चौकटींच्या कडा, सगळं त्या रंगाचं होतं. गिऱ्हाइकाला मी रंगाचं नाव विचारत नाही, कारण एकाचा पोपटी तो दुसऱ्याचा हिरवा. फोटो मागवते आणि त्यातून रंग उचलते.

लातूरच्या एका साडी दुकानदाराने असाच फोटो पाठवला. हिरव्या साडीच्या निऱ्या, आणि कोपऱ्यात हळद लागलेली बोटं. दुकानातल्या कुणीतरी साडी धरली असेल असं समजून मी उजेडातल्या निरीवरून रंग घेतला.

"लई बरोबर आला, ताई," एवढंच ते म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन. ऑर्डर तीच बघायची.

"मॅडम, हा रंग कुठून घेतला?"

"बाबांनी फोटो दिला ना."

ती म्हणाली, "ती आईची साडी हाय. जाताना नेसवलेली. सवाष्ण गेली ना ती." पुढे घाईघाईने, "मला त्या बटणाला बोट लावू वाटंना. दोन दिवसांच्या ऑर्डर पडून आहेत. रंग बदला, न्हाईतर हे काम माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

फोटो पुन्हा उघडला. साडी धरणाऱ्या हाताची बोटं वळलेली असतात. ही नुसती ठेवलेली होती.

मी मुख्य रंग मरून केला. पाच मिनिटांचं काम. मुलगी कामाला लागली आणि माझ्यापुरता विषय संपला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा फोन. "परत आला."

"पान रिफ्रेश करा."

"चारदा केलं. दिवसा मरून असतं. दिवे लागले की हिरवं होतं. तीन दिवस झालं बघून राहिले."

क्षणभर मलाही भलतंच वाटलं, हे कबूल करते. मग डोकं चाललं. फ्रेमवर्कमध्ये काळ्या पार्श्वभूमीची थीम वेगळी असते. तिचा मुख्य रंग वेगळा लिहावा लागतो आणि तो मी बदललाच नव्हता. सूर्य मावळला की फोन आपोआप काळ्या थीमवर जात होता. चूक माझी. तिथेही मरून लिहिला.

दुसऱ्या दिवशी, साधारण त्याच वेळी, वडिलांचा फोन आला.

"ताई, आज आली न्हाई."

"कोण?"

"रोज दिवे लागले की येत होती. काळ्यावर लई उठून दिसायची. तुम्ही काही केलं का?"

मी थीम समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग उद्या येईल का?"

हिरवी थीम एकट्या त्यांच्या फोनवर ठेवता येत होती. पण त्या साइटवर रोज बसणार होती मुलगी, म्हणून आधी तिला विचारलं.

"ठेवा," ती म्हणाली. "पण माझ्या फोनवर एक ठिपकासुद्धा नको."

पुढच्या आठवड्यात तिला साइटवर नवा माल चढवायला शिकवायला लातूरला दुकानात गेले. मुलगी हुशार, तासाभरात सगळं जमलं. बाहेर दिवे लागले तशी ती बोलता बोलता उठली आणि स्टूल उलटं करून, गल्ल्याकडे पाठ करून बसली. पत्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवणं चालूच होतं. गल्ल्यावर बसलेल्या वडिलांनी चष्मा पुसला, फोन हातात घेतला. पान उघडलं तसा त्यांच्या हनुवटीवर, गालावर हिरवा उजेड चढला. ते हळू आवाजात दिवसभराची हकिकत सांगू लागले: कोण आलं, कोणती पैठणी गेली, पोरगी जेवली की नाही.

"जेवले, बाबा," मुलगी मागे न बघता म्हणाली.

"हाव, जेवली म्हणती," त्यांनी फोनला सांगितलं.

मुलीने पुढची चिठ्ठी घेतली.